छातीच्या उंचीवर

झाडं वाढतात, असं लेखी कळवण्याचा मला पगार मिळतो. तुम्ही हसाल. हसा. आमचं लग्न ठरताना माझी नोकरी मुलीकडच्यांना समजावून सांगताना खुद्द आमच्या वडिलांना हसू आवरेना, तिथे तुमचं काय घेऊन बसलात! पण झाड नुसतं वाढतं म्हणून भागत नाही. किती वाढणार, हे आधी सांगावं लागतं. ते सांगणारं सूत्र मी तयार केलेलं आहे. खात्याच्या वाढ-अंदाज विभागात, पंख्याखालच्या टेबलाशी बसून. त्यासाठी मला जंगलात एकदाही पाऊल टाकावं लागलं नाही, याचा मला त्या काळी अभिमान होता.

काम असं असतं. जंगलातले काही चौकोनी तुकडे खात्यानं आखून ठेवलेत. तिथल्या प्रत्येक झाडावर नंबराचा पत्रा ठोकलाय. दर पाच वर्षांनी आमचा एक माणूस जातो, प्रत्येक झाडाचा घेर मोजतो आणि आकडे माझ्या टेबलावर आणून आदळतो. पहिल्या तीन मोजण्यांवरून मी सूत्र बसवलं. चौथ्या मोजणीचे आकडे त्या सूत्राबरहुकूम आले, तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून बसायला सांगितलं. आमच्याकडे बसायला सांगणं म्हणजे काय, हे उभं राहून नोकरी केलेल्यांनाच कळेल.

आता पाचवी मोजणी आली होती. ती जुळली की सूत्र खात्याच्या नियमपुस्तिकेत छापलं जाणार होतं. खाली माझं नाव. छापील! नोकरीत दुसरं काही साधलं नव्हतं. बढती दोनदा हुकली, कॉलनीच्या कमिटीत मला कुणी घेतलं नाही, घरात माझ्या मताला भाजी आणण्यापुरती किंमत. एवढं एक नाव छापून यावं, मग डोळे मिटायला मोकळा, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "आधी तो गॅलरीतला दिवा बदला."

आणि नेमका आमचा मोजणी अधिकारी निवृत्त झाला.

"सूत्र तुमचं, मग झाडंही तुम्हीच मोजा," साहेब म्हणाले. "घरचंच कार्य समजा."

इथे एक खुलासा करतो, कारण पुढे गैरसमज होतील. मी बुटका नाही. मी आटोपशीर आहे. बायको माझ्यापेक्षा उंच दिसते हे खरं आहे, पण तो दोष तिच्या उंचीचा आहे.

जंगलात जायची बातमी कॉलनीत पसरायला जिना चढण्याइतकाच वेळ लागला. शेजारचे निवृत्त हेडमास्तर लगेच आले. हे गृहस्थ उभ्या आयुष्यात शाळेच्या मैदानापलीकडे गेले नसतील, पण सल्ला मात्र शिकाऱ्याच्या थाटात.

"पायजमा मोज्यात खोचा. मोजे बुटात. शर्ट पायजम्यात."

"आणि मी?"

"तुम्ही शांत राहा. प्राण्यांना घाबरलेला माणूस ओळखता येतो."

"शांत माणूसही ओळखता येत असेल की."

"येतो. पण त्याला ते आधी खात नाहीत," हेडमास्तर म्हणाले. त्यांनी चहा घेतला, दुसरा घेतला, आणि जाताना आमची चांगली छत्री घेऊन गेले. जंगलात छत्रीचा उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मग भांडारपाल. घेर मोजायची टेप मागायला गेलो, तर म्हणाला, "जुनी जमा केल्याशिवाय नवी मिळत नाही." जुनी टेप निवृत्त अधिकाऱ्याच्या घरी. तिथे गेलो, तर त्यांनी त्या टेपनं दिवाणखान्याचा पडदा बांधून ठेवलेला. त्यांच्या बायकोच्या नाकदुऱ्या काढून, पडद्यासाठी माझा स्वतःचा मफलर देऊन टेप सोडवली. भांडारात जमा केली. भांडारपालानं ती उलटसुलट पाहिली, जमा लिहिली, फडक्यानं पुसली, आणि "ही घ्या नवी," म्हणून माझ्याच हातात ठेवली. हेल्मेट आणि अंगरखा एकाच मापाचे होते. हेल्मेट घातलं की मला फक्त माझे बूट दिसत, आणि अंगरख्यामुळे बूटही दिसत नसत.

माझ्या जोडीला नव्यानंच लागलेल्या एक मॅडम दिल्या होत्या. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या, नोकरी अजून कच्ची, वर्षाच्या आत कायम व्हायच्या होत्या. घरी आजारी वडील, म्हणून ही नोकरी टिकणं फार गरजेचं, हे त्यांनी गाडीत बसल्या बसल्याच सांगितलं. आणि उंच! कॉलेजात बास्केटबॉल खेळायच्या म्हणे. ऑफिसात दोन दिवसांत त्यांचं नाव 'शिडी' पडलं होतं. त्यांच्याशी बोलताना मी सुरुवातीला मान वर करायचो, नंतर मानेचा विचार करून समोर बघूनच बोलू लागलो. त्यांच्या अंगरख्याच्या खिशाशी माझा चांगला परिचय झाला.

नियम साधा होता. सम नंबरांची झाडं मी मोजायची, विषम नंबरांची मॅडमनी. नियमपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं: 'मोजणी अधिकाऱ्याने झाडाशी ताठ उभे राहून आपल्या छातीच्या उंचीवर घेर मोजावा व तेथे मोजणी झाल्याची खूण म्हणून पिवळी पट्टी ओढावी.' आता हे वाक्य परक्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवायचं म्हणजे पंचाईतच. मी पुस्तिका त्यांच्यापुढे धरली आणि ढगांकडे पाहत म्हटलं, "ते, नियमातलं, समजून घ्या."

"समजलं, सर."

झाडाचा घेर घेणं वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात झाडाला मिठी मारावी लागते, आणि झाडाला ती आवडेलच असं नाही. माझे हात पलीकडे पोचेनात. म्हणून टेपचं एक टोक खोडाला दाबून धरलं आणि दुसरं घेऊन प्रदक्षिणा घातली. फिरून आलो तर मी टेपच्या आत. झाडाचा आणि माझा मिळून एकत्रित घेर भरला. मॅडमनी सोडवलं. पुढच्या झाडावर मुंग्या होत्या. हेडमास्तरांनी मोज्यात खोचायला सांगितलेला पायजमा मुंग्यांना आत जाताना आडवा आला नाही, बाहेर येताना मात्र आला. त्यानंतर मी जो नाच केला, तो मॅडमनी पाठ फिरवून पाहिला नाही. संस्कारी घरातल्या आहेत.

दुपारपर्यंत हात बसला. आकडे पाहून माझा आनंद गगनात मावेना. सूत्रानं सांगितलेला घेर आणि टेपवरचा घेर, झाडामागून झाड, जुळतोय! मी एका खोडावर थोपटलंसुद्धा. जेवताना मॅडम त्याच खोडाकडे बघत म्हणाल्या, "सर, या वरच्या पट्ट्या कसल्या?"

खोडावर माझ्या ताज्या पट्टीच्या वर आणखी पुसट पट्ट्या होत्या, एकीवर एक. सगळ्यांत वरची माझ्या कपाळाच्याही वर. वाढीचं शास्त्र कुणाला समजावून सांगायची संधी मला घरी कधी मिळत नाही. मी हातातला डबा बाजूला ठेवला.

"ती वरची पहिल्या मोजणीची. आमच्या आद्य साहेबांनी ओढलेली. तेव्हा ती इथे, छातीपाशीच असणार. झाड वाढलं, तशी पट्टीही वर वर गेली. त्याखालची दुसऱ्या मोजणीची, तिला वर जायला कमी वर्षं मिळाली. कळलं? याला म्हणतात वाढ!"

मॅडमनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटलं. नोकरी कच्ची होती.

आठवड्यानं आकडे साहेबांपुढे गेले, आणि बोंब झाली. माझी झाडं झोकात वाढली होती. मॅडमची झाडं पाच वर्षांत बारीक झाली होती. एकूण एक. जणू विषम नंबरांनी अन्नपाणी सोडलं होतं.

"झाडं आकसतात का हो?" साहेबांनी विचारलं. आमचे साहेब टेबलामागे फार भारदस्त दिसतात. त्यांची खुर्ची शेवटपर्यंत वर केलेली असते आणि पाय लोंबू नयेत म्हणून खाली एक स्टूल असतं. त्या स्टुलाचा उल्लेख ऑफिसात कुणी करत नाही. "एकाच जंगलात यांची वाढतात आणि तुमची आकसतात? टेप नीट धरता येत नाही तुम्हाला?"

मॅडम खाली बघत उभ्या राहिल्या. त्यांना नोटीस मिळाली: झाडे बारीक का झाली याचा खुलासा करावा, अन्यथा कायम करण्याबाबत विचार करावा लागेल. आणि मला साहेबांनी सांगितलं, "विषम झाडं तुम्ही पुन्हा मोजून टाका. महिनाअखेर पुस्तिका छपाईला जातेय." मी 'हो' म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मॅडमबद्दल वाईट वाटलं, पण ते बरं वाटून झाल्यावर.

रविवारी सकाळी मॅडम घरी आल्या. दारातून आत येताना त्यांना वाकावं लागलं. बायकोला त्यांचं काय कौतुक! "अगंबाई, बरं झालं आलात, तो फळीवरचा डबा जरा काढून देता?" डबा निघाला. मागचा आणखी एक निघाला, जो आमच्याकडे आहे हेच मला ठाऊक नव्हतं. गॅलरीतला दिवाही त्यांनी टाचा न उचलता बदलला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल मी काही लिहीत नाही.

मग मॅडम मुद्द्यावर आल्या. "सर, त्या दिवशी बोलले नाही. पण झाड शेंड्याकडून वाढतं. खोडावर केलेली खूण वर जात नाही. असते तिथेच राहते."

"कोण म्हणतं?" छत्री परत न करता आलेले हेडमास्तर खुर्चीतून ओरडले. "मी मुलांना आयुष्यभर शिकवलंय!"

"काय शिकवलंय?" बायकोनं विचारलं.

"भूगोल."

"अहो," बायको माझ्याकडे वळली, "आपण मागच्या झाडाला कपड्यांची तार बांधून किती वर्षं झाली? झाड केवढं मोठं झालं. तार वर गेली असती तर मी कपडे काय गच्चीवरून वाळत घातले असते?"

वाढीच्या शास्त्राला माझ्याच घरात असं उत्तर मिळेल, असं वाटलं नव्हतं. हेडमास्तर "बघितलं पाहिजे," असं पुटपुटत उठले आणि बघायला म्हणून जे गेले ते आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आणि मॅडम पुन्हा जंगलात. एकच झाड घेतलं. एका बाजूला त्या, एका बाजूला मी, दोघांनी नियमाप्रमाणे ताठ उभं राहून आपापली टेप गुंडाळली. माझी टेप माझ्या जागी. त्यांची टेप माझ्या नाकासमोर. मी माझ्या टेपवरचा आकडा पाहिला, मग नाकासमोरचा. खोड वर निमुळतं होत जातं, हे झाडाकडे एकदा बघितलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मी सूत्रं बघण्यात गुंतलो होतो.

मग मी त्या पट्ट्यांकडे पाहिलं, आणि मला एकेक माणूस दिसायला लागला. सगळ्यांत वरची पट्टी आद्य साहेबांची, ज्यांचं डोकं केबिनच्या चौकटीला लागू नये म्हणून दारावर गादी शिवून घेतली होती. त्याखालची त्यांच्या जागी आलेल्यांची, तेही धिप्पाड, पण चौकटीतून सरळ जाणारे. त्याखालची मध्यम बांध्याच्या माणसाची. मग पडदेवाल्या अधिकाऱ्यांची, जे मोटार चालवताना बुडाखाली उशी घेत. आणि सगळ्यांत खाली ताजी, पिवळीधमक, माझी. दर मोजणीला माणूस आखूड, पट्टी खाली, घेर जास्त! वाढ म्हणून मी जी टिपत होतो, ती झाडांची नव्हतीच. आमच्या खात्यात भरती होणारी माणसं दर पाच वर्षांनी किती बुटकी होत जातील, याचं मी अचूक सूत्र बसवलं होतं.

मी खाली बसलो. मुंग्या होत्या, तरी बसलो.

"झाडं वाढलीच नाहीत का मग?" मी विचारलं.

"वाढली असतील, सर. पण किती, ते कुणालाच माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. आणि जरा थांबून, "मी खुलाशात हे लिहिलं तर तुमचं सूत्र..."

"जाईल."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला रागावता आलं असतं, तीही सोय ठेवली नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, "गप्प बसलो तर नाव छापून येईल. कुणाला कळणारही नाही."

"आणि ती पोरगी?"

"तिला दुसरी नोकरी मिळेल. हुशार आहे."

बायको कांदा चिरत होती. चिरता चिरता थांबली. "अहो, नाव छापून आलं की ते पान मला दाखवाल ना? मग मी काय करायचं? वा वा म्हणायचं?"

तिनं वा वा म्हणावं एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

सकाळी साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि शांतपणे म्हणाले, "हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग? अहवाल तयार आहे, आकडे जुळलेत, वरचे खूश आहेत. विषम झाडं तुम्ही मोजा आणि विषय संपवा."

"पण साहेब, ती मुलगी..."

"तिचं बघू."

'बघू' म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझी बढती दोनदा बघितली गेलीय. मी निघालो. दारापर्यंत गेलो, आणि कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मागे वळलो. माझ्या डोक्यात अजून सूत्रच फिरत होतं.

"साहेब, एक अडचण आहे. पुस्तिकेत सूत्र छापलं, की पुढच्या मोजणीलाही ते जुळावं लागेल. म्हणजे पुढच्या वेळी मोजायला माझ्यापेक्षा..." शब्द जिभेवर येईना, "माझ्यापेक्षा आटोपशीर अधिकारी लागेल. मी सगळं ऑफिस मनातल्या मनात उभं करून पाहिलं. तसे एकच आहेत."

टेबलाखाली स्टूल किंचित सरकलं.

"जंगलात मुंग्या फार आहेत, साहेब," मी म्हटलं. "सांगून ठेवलेलं बरं."

साहेबांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग विचार आला, आणि मग प्रशासन आलं. त्यांनी पेन उचललं. "या मॅडमनी मोजणीतली एक गंभीर त्रुटी वेळीच उघडकीस आणली, असं दिसतंय," ते म्हणाले. "माझ्या मार्गदर्शनाखाली." नोटीस मागे घेतली गेली. महिनाअखेर मॅडम कायम झाल्या. सूत्र रद्द झालं. एका ओळीचा आदेश निघाला, त्यात माझं नाव नव्हतं.

पण खात्याला काहीही पुरतं टाकून देता येत नाही. कमिटी बसली. यापुढे सगळ्यांनी एकाच उंचीवर मोजायचं, इथवर एकमत झालं. कुठल्या, यावर तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं, की सर्वांत ताजी पट्टी ज्याची, त्याचीच उंची कायम धरावी, म्हणजे रंगाचा डबा वाया जाणार नाही. मला अनवाणी भिंतीशी उभं केलं. कमिटी समोर खुर्च्या टाकून बसली. मॅडम टेप घेऊन आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "सर, श्वास नेहमीसारखा घ्या."

नव्या नियमपुस्तिकेत आता छापलंय: 'घेराची मोजणी श्री. अमुक अमुक यांच्या छातीच्या उंचीवर करावी.' अमुक अमुकच्या जागी माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्या उंचीच्या काठ्या कापून प्रत्येक विभागाला पाठवल्यात. मी निवृत्त होईन, वर जाईन, तरी ही छाती जागची हलायची नाही. पान बायकोला दाखवलं. तिनं वाचलं, मला खालून वर पाहिलं आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हसून झाल्यावर तिनं ते पान नीट कापून काचेखाली ठेवलं. वा वा म्हणाली नाही. पण मला पोचलं.

परवा मी आणि मॅडम काठी घेऊन सगळी मोजणी नव्यानं करायला गेलो. नवं सूत्र बसवायचं तर निदान तीन मोजण्या हव्यात. तिसरी होईल तेव्हा मी केव्हाच घरी बसलेलो असेन. मॅडमना हे माहीत होतं, म्हणून त्या सकाळपासून उगाचच माझ्याशी फार गोड बोलत होत्या. पहिल्या झाडाशी त्यांनी काठी टेकवली, कमरेत वाकल्या, टेप गुंडाळली आणि आकडा सांगितला. सवयीनं मी तो कशाशी जुळतो ते आठवू लागलो. जुळवायला काही नव्हतंच. इतक्या वर्षांत त्या झाडाचा हा पहिला खरा आकडा होता. मी त्यांना तो पुन्हा एकदा सांगायला लावला, आणि लिहून घेतला.